गरोदरपणातली धाप: रक्त कमी, की हृदयाची झडप?

गुळवेल

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रावर रांग लागते. वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं, पोटावरून बाळाची वाढ मोजली जाते, बाळाचे ठोके ऐकले जातात. आईचे ठोके मात्र बहुतेक ठिकाणी कुणी ऐकत नाही. 'धाप लागते' म्हणाली की उत्तर ठरलेलं: 'सातवा लागलाय, लागणारच. रक्तही कमी आहे, गोळ्या घे.'

हे उत्तर दहापैकी नऊ वेळा बरोबर निघतं, आणि म्हणूनच ते दहाव्या वेळीही दिलं जातं. आपल्याकडे या दहाव्या बाईला बरेचदा मायट्रल झडपेचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, आकुंचन असतं. लहानपणी घसा दुखून नंतर संधिवाताचा ताप आलेला, सांधे सुजलेले, 'वाऱ्याचं दुखणं' म्हणून सोडून दिलेलं. झडप हळूहळू चिकटत जाते. लग्नापर्यंत, पहिल्या गरोदरपणापर्यंत काही जाणवत नाही.

मग गरोदरपणात रक्तातला द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. हृदय मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलू लागतं आणि नाडी १०-२० ठोक्यांनी चढते. अरुंद झडपेला यातली नाडीच जास्त नडते. दोन ठोक्यांमधला विसावा कमी झाला की डाव्या कर्णिकेतलं (वरच्या कप्प्यातलं) रक्त खाली उतरायला वेळ पुरत नाही. ते मागे फुप्फुसात तुंबतं. हा भार २८ ते ३२ आठवड्यांत टोकाला जातो, म्हणजे नेमका तोच 'सातवा'.

तर धाग्याचा विषय: हातात स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर आणि घड्याळ एवढंच असताना ही बाई रांगेतून वेगळी कशी काढायची? काम करणाऱ्यांनी तपशिलात लिहावं.

उपकेंद्र_दोन

विचारण्यापासून सुरू करू. 'धाप लागते का?' या प्रश्नाला सगळ्या 'हो' म्हणतात, त्यातून हाती काही लागत नाही. कामावर आणून विचारायचं. नळावरून भरलेला हंडा घरी आणताना मध्ये कितीदा टेकवावा लागतो? दिवाळीत किती वेळा टेकवत होतीस? सासू बरोबर चालली तर मागे कोण राहतं? महिन्याभरात झालेली घसरण महत्त्वाची. गरोदरपणाची साधी धाप लवकर सुरू होते आणि साधारण तशीच राहते, घरकाम अडत नाही. आजाराची धाप आठवड्यागणिक वाढत जाते.

दुसरं, उशांचा प्रश्न. पुस्तकात 'किती उशा घेता?' असं असतं. आपल्याकडे खूप घरांत माणशी एकही उशी नसते. 'आडवं पडल्यावर दम कोंडतो का? भिंतीला टेकून झोपतेस का? झोपेतून दचकून उठून दारात जाऊन बसावं लागतं का?' असं विचारा. आणि हे नवऱ्याला किंवा सासूलाही विचारा, रात्रीचं त्यांना जास्त माहीत असतं.

तिसरं, खोकला. आडवं झाल्यावर येणारा, बसल्यावर थांबणारा कोरडा खोकला. थुंकीत रक्ताची रेघ. चालताना चक्कर येऊन पडणं. यातलं एकही 'गरोदरपणामुळे' म्हणून सोडायचं नाही.

आणि पूर्वेतिहास: शाळेत असताना दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन (संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून देतात ते पेनिसिलिन) घ्यायचीस का? 'हृदयाचा आजार आहे का?' ला नाही म्हणणारी बाई या प्रश्नाला पटकन हो म्हणते. शाळेच्या तपासणीत कुणी 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' अशी चिठ्ठी दिली होती का, हेही विचारा.

मंद्रसप्तक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मोजण्याबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

बाई पायी आलेली असते. आधी पाच मिनिटं बसू द्या. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित नाडी निसटते, आणि मायट्रल आकुंचनात नाडी अनियमित होणं ही मोठी खूण आहे. श्वास मोजताना तिला सांगू नका. मनगट धरूनच ठेवा, नाडी मोजतोय असं वाटू द्या आणि पुढचा मिनिट छातीकडे बघा. सांगितलं की श्वासाची लय बदलते. तपासणीच्या वह्यांत सगळ्यांचा श्वास '१८' किंवा '२०' लिहिलेला दिसतो, तो कुणी मोजलेला नसतो.

पल्स ऑक्सिमीटरला गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी चालत नाही. डोहाळेजेवणानंतर आलेल्या बाईची बोटं बघूनच यंत्र लावा. बोट गार असेल तर चोळून ऊब आणा, नाहीतर कानाची पाळी किंवा पायाचं बोट घ्या. आकडा आल्याबरोबर लिहू नका, अर्धा-एक मिनिट स्थिर राहिला की लिहा. ९७-९८ अपेक्षित. ९६ किंवा खाली असेल तर परत मोजा, ९४ किंवा खाली असेल तर ती बाई घरी जात नाही.

आता ऐकणं. गरोदरपणात छातीचे आवाज बदलतातच. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला मऊ, ठोक्याबरोबर येणारी फुसफूस बहुतेक निरोगी गरोदर स्त्रियांत सापडते. रक्त पातळ आणि वेगात वाहत असल्यामुळे ती येते, घाबरायचं कारण नाही. पण ठोके संपल्यावर, विसाव्याच्या काळात येणारा फुसफूस किंवा घरघर असा कुठलाही आवाज गरोदरपणात साधा समजायचा नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय सोडायचा नाही.

मायट्रल आकुंचनाचा आवाज ऐकायला तिला डाव्या कुशीवर वळवा. गर्भामुळे हृदय वर आणि बाहेर सरकलेलं असतं, त्यामुळे टोकाचा ठोका नेहमीच्या पाचव्या फासळीच्या खाली न शोधता चौथ्या जागेत, थोडा काखेकडे चाचपा. तिथे स्टेथोची घंटेसारखी बाजू अलगद टेकवा. अलगद हा शब्द महत्त्वाचा आहे. दाबून धरली की कातडीच ताणून पडदा बनते आणि तो खर्जातला, लांबून बैलगाडी जावी तसा घरघर आवाज नाहीसा होतो. दुसऱ्या हाताने मानेची नाडी धरा, म्हणजे ठोका कुठला आणि विसावा कुठला हे कळतं. श्वास सोडून थांबायला सांगा. पहिला ठोका टणक, थाप मारल्यासारखा लागला तर संशय पक्का धरा. आवाज नाहीच सापडला तर दहा-बारा वेळा उठबस करायला लावून परत ऐका, नाडी वाढली की तो वर येतो. ही उठबस फक्त बसल्या जागी धाप नसलेल्या बाईला, हे वेगळं सांगायला नको.

पंखा बंद करा. रांगेतल्या बायकांना दोन मिनिटं गप्प बसवा. हे हसण्यावारी नेऊ नका, निम्मे आवाज गोंगाटात हरवतात.

रेवदंडा

एक शंका. शहरात सगळ्यांची पाचव्या महिन्यात ॲनोमली (बाळातले दोष बघायची) सोनोग्राफी होते, त्यात 'हृदय नॉर्मल' असं येतं. मग वेगळी तपासणी कशाला?

गुळवेल

@रेवदंडा, ते हृदय बाळाचं. हा गोंधळ फार ठिकाणी होतो. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे चार कप्पे आणि मोठ्या रक्तवाहिन्या बघतात. संशय आला, किंवा आईला मधुमेह असेल, घरात जन्मजात हृदयदोष असेल तर 'फीटल इको' करतात. आईच्या हृदयाचा तिथे काही संबंध नसतो. आईचा तो 'टू-डी इको', छातीवरून. फाईलमध्ये दोन्ही कागद सारखे दिसतात, म्हणून कागदावर कुणाचं हृदय आहे ते वाचूनच खूण करा. उलट बाजूही लक्षात ठेवा: आईला जन्मजात हृदयदोष असेल तर बाळाचाही फीटल इको लागतो.

अवलिया७

कॅलिफोर्नियात गरोदर बायकांतला हृदयविकार ओळखायला गुणांकाचा तक्ताच केलेला आहे, २०१७ पासून. तो सरसकट का वापरू नये? आधी थेट धोक्याच्या खुणा: बसल्या जागी धाप, चार उशांशिवाय झोप न येणं, नाडी १२० किंवा जास्त, वरचं बीपी १६० किंवा जास्त, श्वास ३० किंवा जास्त, ऑक्सिजन ९४ किंवा कमी. यातलं काही असेल तर ताबडतोब तज्ज्ञाकडे. हे नसेल तर दुसरी चाळणी: लक्षणं, मोजमापं (नाडी ११०, वरचं बीपी १४०, श्वास २४, ऑक्सिजन ९६) आणि जोखमीच्या गोष्टी (वय ४० च्या पुढे, गरोदरपणाआधीचा बीएमआय ३५ च्या पुढे, आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब, व्यसन, पूर्वी केमोथेरपी वगैरे). तिन्हींतलं एकेक किंवा एकूण चार जुळले, किंवा मोठी फुसफूस वा फुप्फुसात बुडबुड्यांचा आवाज आला, की ईसीजी, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) रक्तचाचणी आणि इको. तिथल्या माता मृत्यूंच्या कागदांवर हा तक्ता लावून पाहिला तेव्हा हृदयविकाराने गेलेल्यांपैकी ८८ टक्के स्त्रिया त्यात पकडल्या गेल्या असत्या असं निघालं.

मंद्रसप्तक

@अवलिया७, तक्ता चांगला आहे, धोक्याच्या खुणा तर जशाच्या तशा भिंतीवर लावाव्यात. पण दुसरी चाळणी आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर फसगत होईल. तिथल्या मृत्यूंत हृदयस्नायूच्या आजाराचा वाटा सगळ्यात मोठा, आणि स्त्रिया वयाने, वजनाने मोठ्या. आपली मायट्रलची बाई बावीस वर्षांची, बेचाळीस किलोची, साखर नाही, बीपी शंभरावर साठ. जोखमीच्या रकान्यात तिला शून्य मिळतं. २० आठवड्यांना तिची नाडी ९६, ऑक्सिजन ९८, लक्षण एकच: थोडी धाप. तक्ता म्हणेल, घरी पाठवा. आठ आठवड्यांनी तीच बाई गुलाबी फेस थुंकत येते.

म्हणून इथल्या रकान्यात दोन गोष्टी घालाव्या लागतील: संधिवाताच्या तापाचा किंवा २१ दिवसांच्या इंजेक्शनाचा इतिहास, आणि विसाव्यातला आवाज. दोन्हीपैकी एक असलं तरी इको. बेरीज करत बसायचं नाही.

आणखी एक. ईसीजीत गरोदरपणात अक्ष (हृदयातल्या विजेची दिशा) जरासा डावीकडे झुकतो, तिसऱ्या लीडच्या आलेखात टी नावाची लाट उलटी दिसू शकते, हे साधं. पण अक्ष उजवीकडे गेलेला दिसला तर ते गरोदरपणाच्या उलट दिशेचं आहे, म्हणजे फुप्फुसातला दाब वाढलाय असं धरून पुढे चला.

रेवदंडा

मग सरळ सगळ्यांचाच इको का नको? नाहीतरी खाजगीत सिझरच्या आधी 'फिटनेस' म्हणून करतातच.

धमनी_धरण

इको करणाऱ्याच्या बाजूने लिहितो. तालुक्याला इको करणारा माणूस असला तर आठवड्यातून एखादा दिवस. सोनोग्राफीचं कुठलंही यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या जागेवरच वापरायचं असतं, त्यामुळे उचललं आणि उपकेंद्रावर नेलं असं होत नाही. सगळ्यांना पाठवलंत तर खऱ्या रुग्णाची तारीख दीड महिन्यानंतरची पडेल. शिवाय निरोगी गरोदर स्त्रीच्या इकोत 'ट्रिव्हियल एमआर', 'ट्रिव्हियल टीआर' (झडपांची नाममात्र गळती), कप्पे किंचित मोठे, हृदयाभोवती थोडंसं पाणी हे सगळं सापडू शकतं. तो कागद हातात घेऊन घरचे 'झडप गळते' म्हणून सैरभैर होतात. आणि बाराव्या आठवड्यातला नॉर्मल इको नवव्या महिन्यात सुरू होणाऱ्या हृदयस्नायूच्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. तो कागद असला की उलट सगळे निर्धास्त होतात.

चिठ्ठीवर नुसतं 'टू-डी इको' लिहून पाठवू नका. किती आठवडे, काय ऐकू आलं, नाडी किती, हिमोग्लोबिन किती, हे लिहा. मायट्रलचा संशय असेल तर झडपेचं क्षेत्रफळ रेखाटून मोजायला सांगा. गरोदरपणात प्रवाह आणि नाडी दोन्ही वाढल्याने झडपेवरचा दाबफरक फुगून येतो, म्हणून दाबफरकाशेजारी त्या वेळची नाडी लिहिलेली हवी. ११० नाडीला मिळालेला १४ आणि ७५ ला मिळालेला १४ सारखे नव्हेत. झडप १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र, १ च्या खाली अतितीव्र. सोबत फुप्फुसाच्या धमनीतला दाब, डाव्या कर्णिकेत गुठळी आहे का, आणि पंपिंग किती टक्के.

तीव्र आकुंचन निघालं म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. आधी विश्रांती, नाडी खाली आणणारी बीटा ब्लॉकर गोळी (मेटोप्रोलॉल चालते, ॲटेनोलॉल टाळतात), लागेल तेवढी लघवीची गोळी. तरीही धाप राहिली किंवा फुप्फुसाचा दाब ५० च्या वर असला तर २० आठवड्यांनंतर, पोटाला शिशाचं कवच लावून, फुग्याने झडप उघडता येते. झडप लवचीक हवी, गुठळी नको, गळती फार नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फुग्याची प्रक्रिया बसते, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यायला सांगा.

छातीचा एक्स-रे लागला तर नाकारू नका. पोट झाकून काढलेल्या एका एक्स-रेत बाळापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात.

उपकेंद्र_दोन

रक्त कमी आहे म्हणून झडप ठीक आहे असं होत नाही, हे ठळक लिहा कुणीतरी. दोन्ही एकत्र असतात. हिमोग्लोबिन ६.८ आहे, धापेचं कारण सापडलं, फाईल बंद. मग त्याच बाईला दोन पिशव्या रक्त भराभर चढवतात आणि रात्री फुप्फुसात पाणी होतं.

भूल_थाप

तेच लिहायला आलो होतो. संशय असलेल्या बाईला खालच्या पातळीवर जे नुकसान होतं ते चार-पाच नेहमीच्या सवयींतून होतं.

'अशक्तपणा'ला सलाईनची बाटली. अरुंद झडपेला अर्धा लिटर पाणी भारी पडू शकतं. रक्त द्यायचंच असेल तर एकावेळी एक पिशवी, जवळपास चार तासांत, तज्ज्ञाच्या सल्ल्याने लघवीचं इंजेक्शन जोडून, दर अर्ध्या तासाने श्वास आणि ऑक्सिजन बघत.

कळा लवकर सुरू झाल्या म्हणून त्या थांबवायला आयसॉक्सुप्रिन. ते नाडी पळवतं. झडपेच्या बाईत नाडी पळवणं म्हणजे गुळवेल यांनी वर सांगितलेला विसावा काढून घेणं.

वार पडल्यावर रक्तस्राव रोखायला मिथाइलअर्गोमेट्रिन. हृदयाच्या आजारात नको. ऑक्सिटोसिनही शिरेतून एकदम ढकलू नका, पंपातून किंवा थेंबाथेंबाने, सावकाश.

उताणं झोपवणं. गर्भाचा भार मोठ्या शिरेवर येतो. डावीकडे कलतं, डोकं वर.

आणि 'हृदय खराब आहे, सिझर करून टाकू'. झडपेच्या आजारात सिझर हृदयासाठी सुरक्षित असतं हा समज आहे. बहुतेकींना वेदना शमवून, शेवटची जोराची वेळ व्हॅक्यूम किंवा चिमट्याने आखूड करून केलेलं नैसर्गिक बाळंतपण जास्त सोसतं. सिझर प्रसूतीच्या कारणासाठी. मात्र हे सगळं जिथे भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि हृदयतज्ज्ञ आहेत तिथेच, आणि ती जागा कळा सुरू व्हायच्या आधी ठरलेली हवी. १०८ मध्ये बसल्यावर ठरवायचं नसतं.

कोयता_मुकादम

एका गोष्टीकडे कुणी आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी सातव्यात माहेरी जाते, म्हणजे भार टोकाला जातो तेव्हाच तिची फाईल, तिची आशाताई आणि तिचा डॉक्टर तिघेही बदलतात. बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्यांत तर दिवाळीच्या सुमारास जोडपं कोयत्यावर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणं आणि २१ दिवसांचं इंजेक्शन सुटणं एकाच वेळी. मग हे जुळवायचं कसं?

उपकेंद्र_दोन

@कोयता_मुकादम, माता-बाल संरक्षण कार्डावरच लिहायचं, वेगळा कागद हरवतो. लाल स्टिकर लावून काम संपत नाही, कारण लाल स्टिकर बुटक्या उंचीलाही लागतं आणि आधीच्या सिझरलाही. स्टिकरशेजारी पेनाने मराठीत: 'हृदयाची झडप अरुंद. सलाईन जपून. प्रसूती फक्त अमुक रुग्णालयात.' इकोच्या कागदाचा फोटो तिच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये. माहेरच्या गावच्या आशाताईंचा नंबर जाण्याआधी मिळवून त्यांना फोन. टोळीवर जाणाऱ्या बाईला कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव कार्डावर लिहून द्या आणि पुढच्या इंजेक्शनची तारीखही. तपासण्यांची संख्या चारवर धरू नका. संशय असलेली बाई २८ ते ३४ आठवड्यांत किमान दर पंधरा दिवसांनी दिसली पाहिजे.

रेवदंडा

ते २१ दिवसांचं इंजेक्शन गरोदरपणात चालू ठेवतात? खूप घरांत 'पोटात बाळ आहे' म्हणून बंद करतात.

मंद्रसप्तक

चालू ठेवायचं. बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, बाळाला सुरक्षित. ॲलर्जीचा इतिहास विचारून, तातडीची औषधं जवळ ठेवून. घाईत बंद करू नये अशी दुसरी गोष्ट: कृत्रिम झडप असलेल्या बाईची रक्त पातळ करणारी गोळी. ६ ते १२ आठवड्यांत वॉरफेरीन बाळाला बाधू शकतं, हे खरं. पण घरच्यांनी आपणहून बंद केली तर झडपेत गुठळी होऊन आई जाते. पाळी चुकल्याच्या आठवड्यातच हृदयतज्ज्ञ गाठायचा. बीपीच्या, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या मात्र गरोदरपणात बदलाव्याच लागतात.

भूल_थाप

बाळंतपणानंतरचं राहिलं. वार पडली की गर्भपिशवी आकसते आणि तिच्यातलं रक्त एकदम आईच्या अंगात परत येतं, शिवाय मोठ्या शिरेवरचा दाब निघतो. त्यामुळे पहिले २४ ते ७२ तास फुप्फुसात पाणी होण्याचे. बाळ झालं, सगळे पेढ्यांत, आणि आईचा श्वास कुणी मोजत नाही. झडपेच्या बाईला इतर बाळंतिणींसारखं ४८ तासांत घरी सोडायचं नसतं.

दुसरा आजार मुळातच निरोगी बाईला होतो: हृदयाचा स्नायू ढिला पडणं, शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत. जुळी, वाढलेलं बीपी, तिशीपुढचं वय यांत जास्त. इकोत पंपिंग ४५ टक्क्यांच्या खाली येतं. 'थंडी बाधली', 'दमा झाला' म्हणून पंप देत राहतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघायला घरी जातात, तेव्हा बाळाचं वजन करून झाल्यावर आईला एवढंच विचारा: रात्री आडवं पडून झोपतेस ना, की बसून?

उपकेंद्र_दोन

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धूर असतो, त्यामुळे खोकला धुराचा म्हणून खपतो. ताईंनी तिला ओसरीवर आणून पाच मिनिटं बसवून मग श्वास मोजावा. आणि ४२ व्या दिवशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलताना झडपेच्या बाईला माला-एन गोळ्या देऊ नका, त्यात इस्ट्रोजेन असतं आणि गुठळीचा धोका वाढतो. तांबी किंवा अंतरा इंजेक्शन, तेही हृदयतज्ज्ञाचा कागद बघून.